रिकामं जातं

"जात्यात दाणे टाकू नका, गालिचा खराब होईल," संस्थेच्या ताई म्हणाल्या. "नुसतं फिरवत राहा."

लोणावळ्यातल्या एका मोठ्या हॉटेलचं सभागृह. एका बाजूला टेबलं, त्यावर माझ्या भाजणीची पाकिटं. टेबलामागे संस्थेच्या दोन मुली, एकसारख्या साड्यांत. आणि मी खाली चटईवर, भाड्यानं आणलेल्या जात्यापुढे. मला नऊवारी नेसवली होती. रोज मी पाचवारी नेसते. कपाळाला मोठं कुंकू लावलं होतं. ते लावताना ताईंनी माझी हनुवटी धरून चेहरा इकडेतिकडे वळवला. बाजारात भांड्याला पोचा आहे का बघतात, तसा.

मी आंदर मावळातली. दहावी झालेली, दोन मुलांची आई. नवरा तळेगावच्या कारखान्यात. आमच्या गावात गिरणी माझ्या लग्नाआधीच आली. जातं निघतं ते लग्नात हळद दळायला. भाजणीचं प्रत्येक धान्य मी वेगळं भाजते, पण दळते गिरणीत. ताईंना हे माहीत होतं. त्या माझ्याबरोबर गिरणीत उभ्या राहिल्या होत्या.

आधी जमेची बाजू सांगते, कारण ती खरी आहे. नव्यानं धंदा सुरू करणाऱ्या बायकांसाठी त्यांच्या संस्थेचा वर्ग होता. परवाना कसा काढायचा, पाकीट हवाबंद कसं करायचं, किंमत लावताना स्वतःची मजुरी कशी धरायची, हे मी तिथंच शिकले. मजुरी धरायची असते हेच मला ठाऊक नव्हतं. घरखर्चाचा हिशेब चोख ठेवणारी मी, त्यात माझे कष्ट कधीच मांडले नव्हते. पहिल्यांदा मांडले तेव्हा ताई म्हणाल्या, "बघा, तुम्ही मालकीण आहात."

माझ्या ओट्याशी बसून त्यांनी थालीपीठ खाल्लं. दुसरं मागून घेतलं. आम्ही एकाच वयाच्या. मी त्यांना ताई म्हणायचे, त्या मला ताई म्हणायच्या. पाकिटावर नाव कुणाचं, हे मी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "तुमचं. दुसऱ्या कुणाचं असणार?"

या वेळी भाजणी संस्थेनंच नेऊन भरली होती, त्यामुळे छापलेली पाकिटं मी त्या दिवशी हॉटेलातच पहिल्यांदा पाहिली. वर संस्थेचं नाव. खाली जात्यापाशी बसलेल्या बाईचं चित्र. माझं नाव पुढे नाही, मागे नाही, बारीक अक्षरातही नाही. मी पाकीट घेऊन ताईंकडे गेले.

"पुढच्या छपाईत बघू हं," त्या म्हणाल्या. "आता पाहुणे येतील. बसा तुम्ही."

मी बसले. शेजारी आमच्याच गावची सुमन. ती नाचणीचे पापड करते. तिच्या हातात सूप दिलं होतं. तेही रिकामं.

पाहुणे म्हणजे संस्थेला देणग्या देणारे लोक. मोबाईल निघाले. एकजण माझ्याशेजारी उकिडवा बसला, फोटो काढून घेतला, उठला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. एका बाईंनी पाकीट उचलून विचारलं, "ही भाजणी कुणाची?"

"आमच्या संस्थेची," ताई म्हणाल्या. "आणि या मावशी. आमच्या लाभार्थी."

मावशी. लाभार्थी.

मी तोंड उघडलं. "बाई, ही भाजणी..."

"मावशी फार भोळ्या आहेत," ताई हसून म्हणाल्या. "दळा मावशी, दळा."

दगडावर दगड घासत होता. दाणा नसला की जात्याचा आवाज वेगळा येतो. कोरडा. दातात माती आल्यासारखा. आमच्याकडे रिकामं जातं कुणी फिरवत नाही, घरातलं धान्य सरतं म्हणतात. लहानपणी खेळताना फिरवलं की आई हातावर चापट मारायची.

कुणा पाहुण्याची म्हातारी आई काठी टेकत जवळ आली. वाकून तिनं जात्यात पाहिलं.

"अगं ए, रिकामं फिरवतीस व्हय? तुज्या घरी चालतंय का असं?"

"न्हाई चालत, आजी."

"मग हितं का फिरवतीस?"

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. माझा हात थांबला.

"मावशी, थांबू नका. फोटो व्हायचेत अजून," ताई म्हणाल्या.

मी जात्याचा खुंटा उपटला. उठले, टेबलाशी गेले आणि तो पाकिटांच्या मधोमध ठेवला.

"ही भाजणी माजी हाय." लिहिताना मी नीट लिहिते, पण तेव्हा तोंडात गावचीच भाषा आली. "मी भाजते, गिरणीत दळते. जात्यावर न्हाई. आन् माजं नाव ह्या पाकिटावर कुटंच न्हाई."

सभागृह काही स्तब्ध झालं नाही. मागे चहाचे कप वाजतच होते. ताई जवळ आल्या, हळू आवाजात म्हणाल्या, "इथवर कुणामुळे आलात, विसरलात?"

"न्हाई विसरले. मालकीण हाय म्हनून तुमीच शिकवलंत."

"सगळ्यांसमोर तमाशा करायची गरज नव्हती."

"सगळ्यांसमोर बसवलंत की."

सुमन सुपात बघत राहिली. परतताना जीपमध्ये म्हणाली, "तुला काय गं, तुज्या नवऱ्याला नोकरी हाय." ते खरं होतं.

संस्थेनं मला गटातून काढलं. पाकीट बंद करायला दिलेलं यंत्र परत घेऊन गेले. त्याचं एवढं वाटलं नाही. मागून घेतलेलं ते दुसरं थालीपीठ मात्र अजून आठवतं. इतक्या जवळ येऊन बसलेली बाई मला नुसतं चित्र समजत होती.

आता गावातल्या आम्ही काहीजणी मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात बसतो. जे वर्गात शिकले ते मी इतरांना शिकवते. परवाना, पाकीट, मजुरी. नव्या बाईला आधार लागतोच. मलाही लागला, पुन्हा लागेल. मध्यंतरी सुमन आली. बसायच्या आधीच तिनं विचारलं, "नाव कुणाचं टाकायचं?"

"तुजं."

"लिहून दे."

मी लिहून दिलं.

मागच्या आठवड्यात ताईंचा फोन आला. पुन्हा पाहुणे येणार आहेत, झालं गेलं विसरू, या. मी म्हणाले, येईन. टेबलामागे उभी राहीन. पाकिटावर माझं नाव असेल. कुणी काही विचारलं तर उत्तर मी देईन.

"विचारून सांगते," त्या म्हणाल्या.

त्यांनी खुशाल विचारावं. मी कुणाला विचारणार नाही. रिकाम्या जात्याला माझा हात पुन्हा लागणार नाही.