गुम नव्हे, नेलेला

त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांनीच तसं सांगितलं आहे. चौक नावाच्या जुन्या मोहल्ल्यात त्या राहतात आणि कापडावर चिकनकारीचं भरतकाम करतात.

अलीगंजच्या एका हॉलमध्ये चार मानवी हक्क संघटना पहिल्यांदाच एकत्र बसल्या होत्या. उचलून नेलेल्या आणि पुन्हा न दिसलेल्या माणसांसाठी मिळून कोर्टात जायचं होतं. निवृत्तीनंतर त्यातल्या एका संघटनेचं काम मी करते. वकील कुणाचा आणि अर्जावर नाव आधी कुणाचं, यावर आम्ही भांडत होतो, आणि या बाई भिंतीला टेकून कुर्त्यावर टाके घालत होत्या.

शेवटी एका वकिलानं त्यांना विचारलं, "अम्मा, आपका बेटा कब गुम हुआ?"

त्यांची सुई थांबली. "गुम तो बकरी होती है, भैया. उसे सादे कपड़ों वाले ले गए, मेरे सामने. चप्पल तक नहीं पहनने दी."

मग कुणी भांडलं नाही. अर्जातला 'लापता' हा शब्द खोडला गेला आणि चारही संघटनांनी सह्या केल्या.

काही महिन्यांनी पोलिसांचं कोर्टात उत्तर आलं, की असा माणूस आम्ही कधी ताब्यात घेतलाच नाही. ते सांगायला मी त्यांच्या घरी गेले. त्या कोसळतील असं मला वाटलं होतं. त्यांनी आधी मला पाणी दिलं.

"झूठ है," त्या म्हणाल्या. "लेकिन आज तक तो मुझे झूठा जवाब भी नहीं मिला था. थाने से भगा देते थे."

मग त्यांनी विचारलं, "अब दोबारा कब पूछेंगे?"