औट घटकेचा बँड : नांदेड, लातूर, उदगीर

या ब्लॉगवर मी कोकण लिहिलं, हंपी लिहिलं, एकदा हौसेनं लडाखही लिहिलं. मराठवाड्यात काय बघायचं असं कुणी विचारलं की वेरूळ-अजिंठा सांगून मोकळी व्हायचे. जिथं आपण शिकलो, भांडलो, वाढलो तिथं पर्यटनाला कोण जातं? या वेळी मी गेले, आणि त्याला कारण झाली बंगळुरूहून आलेली एक ई-मेल.

डिसेंबरात तिथं एक छोटा संगीत महोत्सव आहे. भरवणारी मुलं पंचविशीतली. त्यांना आमचा एकुलता एक अल्बम इंटरनेटवर कुठंतरी सापडला आणि त्यांनी विचारलं होतं, तुम्ही अजून वाजवता का, येता का? सोमवारपर्यंत कळवा.

हो, माझा बँड होता. मी त्यात बास गिटार वाजवायचे. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे काय, हे मला आईला कधीच समजावता आलं नाही, तुम्हाला सांगून बघते. गिटारी कर्कश, गाणी लांबलचक, मधेच सगळं शांत, आणि ठेका सरळ चारात न चालता पाचात, सातात, अकरात चालणारा. टाळी कुठं द्यायची तेच ऐकणाऱ्याला कळत नाही. नांदेडच्या कॉलेजात असताना आम्ही चौघांनी हा उद्योग सुरू केला. गिटारवर नांदेडचा मोईन, गायला लातूरचा अवी, बासवर मी आणि ड्रमवर उदगीरच्या मोंढ्यातल्या अडत्याच्या, म्हणजे धान्याच्या दलालाच्या, घरचा शिवा.

बँडचं नाव शिवानं दिलं : औटकी. म्हणजे साडेतीनचा पाढा. पूर्वी पोरं पावकी, निमकी, दिडकी पाठ करायची, तशीच ही औटकी. शिवाला ती आजोबांनी दुकानाच्या गादीवर बसवून शिकवलेली. सातचा ठेका त्याला वन-टू-थ्री करून मोजताच यायचा नाही. तो पुटपुटायचा, ‘एक औट साडेतीन, बे औट सात,’ आणि काठ्या अचूक जागेवर पडायच्या. पुढं आम्ही तिघंही तसंच मोजायला लागलो.

एक अल्बम झाला, पुणे-बंगळुरूला थोडे कार्यक्रम झाले, परदेशातल्या कुणी कुणी कौतुक लिहिलं. दुसऱ्या अल्बमची गाणी अर्धी बसवून झाली होती. मग नोकऱ्या, लग्नं, घरची दुखणी. बँड फुटला नाही हो, फुटायला भांडण तरी लागतं. आम्ही फक्त ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणालो. ती दिवाळी कुठली, तेही आता आठवत नाही. औट घटकेचं राज्य म्हणतात ते हेच.

फोनवर विचारलं असतं तर पुन्हा तेच ‘बघू’ आलं असतं. म्हणून सुट्टी टाकली आणि तिघांच्या तोंडून हो काढायला निघाले.

नांदेड

पुण्याहून नांदेडला थेट गाड्या आहेत, आरक्षण मात्र आधी करा, आयत्या वेळी हाल होतात. सकाळी उतरून गुरुद्वाऱ्यात गेले, माथा टेकला, लंगरमध्ये पंगतीत बसून डाळ-रोटी खाल्ली. नांदेडला जाऊन तिथं जेवला नाहीत तर गेलातच कशाला, असं मी म्हणेन. मग शेअर ऑटोनं मोईनकडं.

मोईनच्या वडिलांचा मंडपाचा धंदा होता. त्यांच्या गोदामात, चारी बाजूंनी कनाती टांगून, आम्ही प्रॅक्टिस करायचो. कनातींनी आवाज अडतो अशी आमची समजूत होती. अख्ख्या गल्लीची तशी समजूत नव्हती. आता त्याच गोदामात भिंतीएवढे स्पीकर, एलईडीचे पडदे, धूर सोडायची यंत्रं. धंदा जोरात आहे.

“ये वैशू, ये! लई दिवसांनी. काय करून राहिलीस पुण्यात?”

“नोकरी. तू?”

“मी लोकांच्या लग्नात आवाज करून राहिलो,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

इराणी चहा मागवला, उस्मानिया बिस्किटं मागवली. ई-मेल त्यानं मोठ्यानं वाचली, मग परत एकदा मनात वाचली. डोळे चमकले त्याचे, खोटं नाही सांगत. मग म्हणाला, “शिवाला विचारलं का? त्याच्याबिगर कायकू करायचं? शिवा हाव म्हणला तर मी हाय. लिहून घे.”

मी खूश. एक झाला.

लातूर

नांदेड ते लातूर एसटी लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाते. रस्ता बराच सुधारलाय, तरी अधूनमधून कंबर मोडतेच. खिडकीची जागा धरा. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेली काळी रानं होती आणि मला ती उगाच छान वाटत होती. पुढच्या बाकावरच्या दोन बायकांचं चाललं होतं.

“तुमचं पोरगं कुण्या क्लासला हाय?”

“अवी सरकडं. लई ओरडतेत म्हणं सर, पर फिजिक्स डोक्यात बसतंय.”

मला हसू आवरेना. आमचा अवी स्टेजवर असा काही डरकायचा की पहिल्या रांगेतली माणसं मागं सरकायची. लातुरात उतरले तर चौकाचौकात त्याचे फलक. कोट घातलेला, हाताची घडी, चेहरा गंभीर. मी एका फलकाखाली उभी राहून तस्साच फोटो काढला.

दुपारी निलंगा राईस खाल्ला. डाळ-तांदूळ-मसाल्याचा हा भात हातगाडीवरच खावा, आणि पोट भरून पन्नास रुपयांच्या आत काम होतं. अवी दोन बॅचच्या मधे भेटला. गळ्याला कॉलर माइक तसाच होता.

“वैशू, अगं डिसेंबर म्हणजे माझी टेस्ट सिरीज. पण ठीके, शिवा तयार असला तर मी काढतो सुट्टी.” मग पाणी प्यायला आणि म्हणाला, “शिवा काय मोंढा सोडून येतंय व्हय? आधी त्याला विचार, मग मला सांग.”

त्यानं मला क्लासच्या दारापर्यंत सोडलं आणि निघताना एवढ्या जोरात टाळी दिली की हात झिणझिणला. मी मनातल्या मनात पुन्हा टिक केली. शिवाला पटवायचं एवढंच राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी अख्खं भाषण तयार केलं.

उदगीर

लातूरहून उदगीरला गाड्या भरपूर. वेळ असेल तर किल्ला सकाळी बघा, उन्हात दमाल. बाहेर सुशीला खा. घाबरू नका, मुरमुऱ्यांना फोडणी देऊन करतात त्याचं नाव सुशीला. मी दोन प्लेट खाल्ल्या, कारण मोंढ्यात जायला पाय उचलत नव्हते.

मोंढा म्हणजे धान्याचा बाजार. सकाळचा सौदा नुकताच संपला होता. हमाल पोती लावत होते, हवेत सोयाबीनचा भुसा. शिवा गादीवर बसला होता, कपाळावर विभूती, कानाला फोन, पलीकडच्याशी कानडीत हुज्जत. मला बघितलं आणि फोन तसाच खाली ठेवला.

मी भाषण सुरू केलं. “शिवा, हे बघ, आता नाही तर कधीच नाही—”

“हाव.”

“काय हाव?”

“हाव, येतो की. कवा हाय?”

इतकंच. भाषणाचं पहिलं वाक्यही पुरं झालं नाही. तो उठला आणि मला दुकानाच्या मागच्या खोलीत घेऊन गेला.

रिकाम्या बारदानाच्या थप्प्यांमध्ये त्याचा ड्रमसेट मांडलेला होता. धूळ नाही. झांजा पुसलेल्या. भिंतीवर खुंटीला माझी बास, पोत्याच्या स्वच्छ कापडात गुंडाळलेली. शेवटची प्रॅक्टिस मोईनच्या गोदामाऐवजी इथं झाली, तेव्हा मी ती ठेवून गेले होते, पुढच्या वेळी हलकं हलकं येता यावं म्हणून.

“तारा बदलल्यात,” शिवा म्हणाला. “गंजल्या व्हत्या.”

“तू अजून वाजवतोस?”

“रोज. हमाल जेवाया बसत्यात तवा. त्यास्नी बी सवय झाली आता, एखांद्या दिशी न्हाई वाजवलं तर इचारत्यात, मालक आजारी हायत का म्हणून.” मग माझ्याकडं बघून अगदी साधेपणानं म्हणाला, “बघू म्हणलो व्हतो ना आपण? म्या बघून राहिलो. मला वाटलं, तुमी बी करून राहिलेत.”

मी बास गळ्यात अडकवली. त्यानं दुसऱ्या अल्बमचं पहिलं गाणं सुरू केलं, जे कधी ध्वनिमुद्रित झालंच नाही. त्याला सगळं आठवत होतं, माझे तुकडेसुद्धा तोंडानं म्हणून दाखवत होता. मी सुरुवात केली आणि लगेच सुटले. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. ‘बे औट सात’ पुटपुटत होते, पण पाय खाली चारावर पडत होता. चार, चार, चार. जी मुलगी कधीकाळी अकराचा ठेका झोपेत वाजवायची, तिचा पाय रिंगटोनसारखा सरळ पडत होता. मला खरंच रडू आलं आणि मी तारा जुळवायच्या निमित्तानं मान खाली घातली.

“बसंल गं. महिन्याभरात बसंल,” शिवा म्हणाला. “मोईन येतोय ना? अन् अवी?”

“तू हो म्हणालास तर येतो म्हणालेत.”

“झालं मग. अवीचं काय, त्यो अर्धाच आला तरी चालतंय. आपण तिघं न् अर्धा अवी. औट!”

आम्ही दोघं पोट धरून हसलो. तेवढ्यात शिवाच्या आई आल्या, “बा गं, बा. ऊटा आयता?” म्हणजे ये, जेवलीस का. जेवले होते म्हटलं तरी ताटभर हुग्गी खाऊ घातली. गव्हाची ही खीर उदगीरकडं घरोघर होते, विकत कुठं मिळते मला माहीत नाही. कुणाच्या घरी जायचा योग आणा.

निघताना शिवानं विचारलं, “बास घिऊन जातीस का?”

“राहू दे, रिहर्सल इथंच करू,” मी म्हणाले. तेव्हा मला ते खरं वाटत होतं.

जळकोट

परतीला मी जळकोट-कंधार रस्ता धरला, नांदेडहून पुण्याची गाडी होती. शिवाय जळकोट बघायचं होतं. आमचा पहिला कार्यक्रम इथल्या एका गॅदरिंगला झाला होता. निवेदकानं चिठ्ठीवर नाव वाचलं आणि ठणकावून सांगितलं, “आता येत आहे, आउट की बँड!” समोरच्या पोरांनी लगेच अंपायरसारखं बोट वर केलं. गाणं सुरू व्हायच्या आधी आम्ही आउट. पुढं मग तीच रीत पडली, आमच्या कार्यक्रमाला लोक टाळ्यांऐवजी बोट वर करायचे.

बस चहासाठी थांबली तेव्हा मी स्टँडवरूनच मोईनला फोन लावला. “शिवा हो म्हणाला!”

“सच्ची? शिवा हाव म्हणला?” आणि मग हळूच, “डिसेंबर म्हणजे लग्नाचा सीझन हाय ना वैशू. मला वाटलं... जाऊ दे. ह्या साली न्हाई जमायचं गं.”

अवीनं तर हसण्यावारीच नेलं. “अगं मी आपलं बोललो. घशाला डॉक्टरनं ओरडायचं बंद सांगितलंय. शिवा येईल असं कुणाला वाटलं होतं?”

चहा हातात निवत होता. कुणाला वाटलं होतं? कुणालाच नाही. आम्ही सगळ्यांनी आपापला नकार शिवाच्या खांद्यावर ठेवला होता आणि वर ऐटीत हो म्हणत फिरत होतो. मीही त्यातलीच, हे मला तेव्हा कळलं नाही. मी आपली बसमध्ये बसून त्या दोघांना शिव्या घालत नांदेडला पोचले.

घरी

रविवारी शिवाचा फोन आला. मी दोघांचं सांगितलं. तो रागावला नाही.

“बरं. मग तू न् मी,” तो म्हणाला. “ड्रम न् बास. बंगळूरवाल्यास्नी चालतंय का इचार.”

चाललं असतं. असे दोघांचे बँड असतात, लोक आवडीनं ऐकतात. महिनाभर शनिवार-रविवार उदगीरला गेले असते तर माझा पाय सातावर आलाही असता. मी सोफ्यावर बसले होते आणि माझा पाय फरशीवर सरळ चारात पडत होता.

“बघू,” मी म्हणाले.

तोंडातून गेलं आणि मलाच ऐकू आलं. पलीकडं कुठंतरी ट्रकचा हॉर्न वाजला.

“मग औट बी व्हत न्हाई गं,” शिवा म्हणाला आणि हसला. मग पावसापाण्याचं बोलला, आईनं विचारलंय म्हणाला आणि फोन ठेवला. सोमवारी मी बंगळुरूला चार सभ्य ओळी पाठवून दिल्या.

तर मंडळी, उदगीरला जरूर जा. किल्ला बघा, सुशीला खा. दुपारी हमाल जेवायला बसलेले असताना मोंढ्यातून चक्कर मारा. एखाद्या दुकानामागून लंगडत चालल्यासारखा ठेका ऐकू आला तर खुशाल आत जा. भिंतीवर एक बास टांगलेली असेल. तुम्हाला वाजवता येत असेल तर मागून घ्या आणि त्याच्यासोबत वाजवा. तो नाही म्हणणार नाही.