लोणच्याच्या बरण्यांतला गाळ

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी तीन बरण्या गाळ भरून बदलापूर गावातल्या आमच्या घरी आणला. बरण्या आईच्या लोणच्याच्या होत्या, आणि हे मी तिला सांगितलं नव्हतं.

माझा प्रोजेक्ट शेल नावाच्या पातळ थरांच्या खडकातल्या तेलावर होता. आमच्या घरात तेल म्हणजे शेंगदाण्याचं. पण खडकातलं तेल मुळात चिखलातून येतं. संथ पाण्याच्या तळाशी हवा पोचत नाही, म्हणून पाला-शेवाळ पुरतं कुजत नाही, चिखलात गाडलं जातं आणि कोट्यवधी वर्षांनी त्याचं तेल होतं. मात्र नुसता लोण्यासारखा चिखल ते तेल सहजी सोडत नाही. मधूनमधून बारीक रेवेचे पदर लागतात. त्यांत तेल मावतं आणि खडकही नीट फुटतो. थोडक्यात, पाणी कुठे वाहत होतं आणि कुठे थांबलं होतं, यावर सगळं ठरतं. हे दाखवायला मी बारवी धरणाच्या काठाने तीन जागचा गाळ गोळा केला: नाल्याच्या तोंडाचा, मधला आणि खोल संथ कोपऱ्यातला. बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवून शाईच्या पेनाने नावं घातली.

शनिवारी घरी आले तर बरण्या घासूनपुसून उपड्या घातलेल्या. गच्चीत वर्तमानपत्रावर तीन ढीग वाळत होते, तिन्ही एकाच मातकट रंगाचे. प्रोजेक्टची तोंडी परीक्षा सोमवारी होती.

"वास मारत होता गं. कैऱ्या आल्यात," आई म्हणाली.

मी पाय आपटले, रडले आणि बोलू नये ते बोलले. "तू अडाणीच राहिलीस!"

 आई धरणाजवळच्या पाड्यावर वाढलेली, लग्नापर्यंत दरवर्षी मातीची चूल घालणारी. तिने पहिल्या ढिगातली चिमूट ओली केली, हुंगली आणि सरळ दाताखाली धरली. मला शिसारी आली.

"ही नाल्याच्या तोंडाची. करकरते. हिची चूल ढासळते." थू! "ही डोहातली. लोणी नुसतं, नि वास बघ. सुकली का चिरते." थू! "ही मधली. जराशी करकरते, धरून पण ठेवते. चुलीला हीच आणायचो आम्ही."

दुसरा इलाज नव्हता. मी ढीग पुन्हा बरण्यांत भरले आणि चिठ्ठ्यांवर तशीच नावं घातली, या वेळी पेन्सिलीने.

सोमवारी बाहेरून आलेल्या कडक इस्त्रीच्या परीक्षकांनी विचारलं, "यातली रेव कशी ओळखलीत?"

मी बरणीवरच्या चिठ्ठीकडे बघितलं. तोवर त्यांनी बरणीतली चिमूट उचलून स्वतःच्या दाताखाली धरली होती.

"करकरतेय. बरोबर आहे," ते म्हणाले. "फील्डवर पहिली परीक्षा हीच. तुम्हाला कोणी शिकवली?"

"सर, मी नाही ओळखलं. आईनं ओळखलं." मग सगळंच सांगून टाकलं, अडाणी म्हटल्यासकट.

ते हसले नाहीत. प्रोजेक्टचं आभाराचं पान उघडून त्यांनी बोट फिरवलं. मार्गदर्शक होते, ग्रंथालय होतं, उल्हासनगर कॅम्प एकमधला झेरॉक्सवालाही होता.

"यात आई कुठे आहेत?"

त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं. मी सगळ्यांच्या वर, समासात, आईचं नाव लिहिलं. 

संध्याकाळी आई कैऱ्या फोडत बसली होती. मी पास झाल्याचं आणि परीक्षकांचं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "त्यांनी चूळ भरली का?"

माफी मागायला मी तोंड उघडलं, तर तिने त्यात कैरीची फोड कोंबली.