आत्या बहिरी नव्हती

आमच्या आत्याशी कुणी बोलायला लागलं की ती डोळे मिटून घ्यायची. नवख्या माणसाला वाटायचं, ही आपल्याला कंटाळली. खरं तर तेव्हाच ती सगळ्यात नीट ऐकत असायची. बेटाच्या दक्षिणेकडच्या शमें ग्रेनिए गावातल्या आमच्या घरात वडिलांची ही थोरली बहीण बिनलग्नाची राहिली. गावातली पोरं तिला 'मिटकी' म्हणायची. वडील घरात नसले की मीही म्हणायचो.

लहानपणी एकदा मी तिला कारण विचारलं. ती म्हणाली, "बाबू, तुजं तोंड आदी हलतं नि आवाज मागनं येतो. मी तोंड बगू का आयकू? येक कायतरी सांग." दुसऱ्या दिवशी शाळेत तिची नक्कल करून मी वर्गाला पोट धरून हसवलं.

पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की ती आमटीतला डाव बाजूला ठेवून म्हणायची, "आता मीठ कळायचं न्हाई." आईला ते कामचुकारपणाचं निमित्त वाटायचं. गणपतीत ढोलकी, झांजा आणि धूप एकदम सुरू झाले की आत्या उसाच्या कडेला जाऊन बसायची. सगळे पांगल्यावर येऊन एकटी अख्खी आरती म्हणायची, एक शब्दही न चुकता. वडील तेवढ्यासाठी निरांजन तेवत ठेवायचे. हल्ली डॉक्टर सांगतात, ऑटिझम असलेल्या काही माणसांना डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं एकत्र जुळवणं जड जातं. गावाला तेव्हा तो शब्द माहीत नव्हता. पण मला आत्या माहीत होती.

मला राजधानीत, पोर्ट लुईला, सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि मोका गावाहून एक स्थळ आलं. मुलीचे वडील शाळामास्तर. ते येणार त्याच्या आदल्या दिवशी मी आत्याला बजावलं, की कुणी बोललं तर त्यांच्या तोंडाकडे बघायचं, डोळे मिटायचे नाहीत. तिने मान डोलावली.

पाहुणे आले. मास्तरांनी आदराने तिची तब्येत विचारली. आत्या डोळे ताणून त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं. तिच्या कपाळावर घाम आला आणि अखेर तिचे डोळे मिटले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने म्हणालो, "तिला ऐकू येत नाही."

मिटल्या डोळ्यांनी तिने ते स्पष्ट ऐकलं असणार. पाहुणे उठेपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. आत्या पाहुण्यांच्या कपबशा विसळत होती. तीच म्हणाली, "तू सांगितलंस ना, मग आता तसंच. तुजं लगीन मोडाया नको."

लग्न झालं. मी खोटा पडायला नको म्हणून घरच्यांनीही ते तसंच चालू दिलं. माझी बायको मनाने चांगली. ती आत्याशी हातवारे करून बोलायची, सणाला पहिलं ताट तिला वाढायची. तिच्यासमोर आत्या कशालाच ओ देत नसे. आमची मुलगी झाली, बोलायला लागली, "आजी, आजी" करत आत्याच्या मागे फिरू लागली. आत्या तिला नुसती थोपटायची. दोघीच असल्या की मात्र तिला आरती शिकवायची. पोरगी येऊन सांगायची, आजी गाते, आणि बायको हसून तिचा पापा घ्यायची. मी तिथेच बसलेला असायचो.

एकदा परसात आत्या एकटी होती तेव्हा मी म्हटलं, "आता सांगून टाकतो खरं काय ते."

तिने डोळे मिटून ऐकलं. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तू खोटा पडशील."

मला सुटल्यासारखं झालं. मास्तरांपुढे बोललो त्यापेक्षा त्या सुटकेचीच मला आज जास्त लाज वाटते.

आमचं बेट स्वतंत्र झालं त्याच्या आदल्या वर्षी आत्या गेली. तिला न्यायच्या आधी बायकोने तिच्या कपाळाला हळद-चंदन लावलं, मुलीला जवळ ओढलं आणि रडत मला म्हणाली, "बिचारीला पोरीचा आवाज कधी ऐकायला मिळाला नाही."

मी म्हणालो, "हो."