पूर्वसूचना आवश्यक

अहवाल कितीही नेमका लिहिला तरी ज्यांना रकानाच सापडत नाही अशा गोष्टी उरतात, आणि आमच्या अंधेरीच्या ऑफिसात त्या चहाबरोबर साचत जातात. आमचं काम थोडक्यात असं: गावांनी डोंगरावर झाडं लावायची, झाडांनी हवेतला कार्बन शोषायचा, आणि धूर सोडणाऱ्या कंपन्यांनी त्याबद्दल गावाला मोबदला द्यायचा. सध्या शहापूरकडच्या एका गावाचा करार अडला आहे. अट एकच, तीस वर्षं डोंगरावर कुऱ्हाड बंद. डोंगर साऱ्या गावाचा. सही कोणी करेना.

*

भांडुपचे सावंतकाका आमची गाडी चालवतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "म्हणजे आपण वारो इकतंव?"

"काटेकोरपणे बोलायचं तर, नाही."

"काटेकोर नको गो. खरां काय तां सांग!"

*

त्या गावातल्या नमुना लागवडीचे फोटो तपासताना नऊ रोपांशेजारी मला एकच कानतुटकी शेळी दिसली. एकाच रोपाचे नऊ फोटो असावेत, असा रास्त संशय आला. फोटो काढणाऱ्या, गावातल्याच गणपतला फोन केला.

"रोपं नऊच होती, ताई. शेळी मागून खात येत होती!"

*

हे गाव मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या वरच्या अंगाला आहे. झाडांनी गाळ अडतो, त्याचा मोबदला वेगळा. आमच्या मेहेंदळे मॅडम गावातल्या बैठकीत म्हणाल्या, "शिवाय तुमच्या विहिरीचं पाणीही वाढेल."

गणपत म्हणाला, "वाढलेलं पाणी कोणाचं?"

"अहो, तुमचंच!"

"मग कागदावर फक्त तलावच का?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे.

*

त्याच बैठकीत सखूआजी उठल्या. गावात सर्वांत वयस्कर त्याच. "कुऱ्हाड बंद. मग सरणाला लाकूड कुठनं आणायचं?"

मॅडम मला हळूच म्हणाल्या, "अपवाद टाक ना पटकन!" मी जागच्या जागी, जमेल तितक्या काळजीपूर्वक करारात कलम लिहून वाचून दाखवलं: "अंत्यविधीपुरती वृक्षतोड करता येईल, मात्र लेखी पूर्वसूचना आवश्यक."

आजी पुढे येऊन माझ्यासमोर बसल्या.

"लिही पोरी. माझी आजच देऊन ठेवते."

मला वाटलं, थट्टा आहे. आजी वाट पाहत राहिल्या. शेवटी मी कोरा कागद घेतला आणि त्यांनी सांगितलं ते लिहिलं. तारखेची जागा मोकळी ठेवली. त्यांनी शाईचा अंगठा त्या कागदावर उठवला, समोरचा करार मात्र अंगठ्याविनाच माझ्याकडे परत सरकवला आणि हात लुगड्याला पुसला.