मारोतरावांनी न केलेली सही

मारोतराव गेल्याची बातमी मला दोनदा मिळाली. पहिल्यांदा वहिनींचा फोन आला. "गुरुजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या आणि फोन तसाच चालू राहिला. पलीकडे कुणीतरी खाट सरकवत होतं, कुणीतरी दवाखान्याच्या कागदांबद्दल विचारत होतं... मी बराच वेळ ते आवाज ऐकत उभा होतो. दुसऱ्यांदा ती बातमी आठवड्याभराने मिळाली, त्यांच्या मंडळाच्या शोकठरावातून. ठरावाची प्रत वहिनींना पोस्टाने आली होती. मी चंद्रपूरला गेलो तेव्हा त्यांनी ती मला वाचायला दिली. 'कर्तव्यदक्ष', 'मनमिळाऊ', 'कधीही भरून न निघणारी पोकळी'. असे शब्द कार्यालयात तयारच असतात, नाव तेवढं भरायचं. मनमिळाऊ तर मारोतराव मुळीच नव्हते. पण तेही मी सोडून दिलं असतं. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, 'मंडळाने विश्वासाने सोपवलेले सर्वाधिकार त्यांनी समर्थपणे सांभाळले.' तिथे मी कागद खाली ठेवला. दुःखाने नव्हे, रागाने. ज्या माणसाने नोकरीची शेवटची वर्षं 'हे अधिकार मला नकोत' असं सांगण्यात घालवली, त्याच्या गळ्यात ते मेल्यावर हारासारखे घातले होते. आणि घालणाऱ्यांनी आधी दोन मिनिटं उभं राहून मौनही पाळलं होतं.

आम्ही दोघं वडशाजवळच्या एका शाळेत एका बाकावर शिकलो. दोघांचीही घरं धानाची, म्हणजे भातशेतीची. मी पुढे वडशालाच मराठीचा मास्तर झालो. ते चंद्रपूरला एका सरकारी मंडळात कारकून म्हणून लागले आणि चढत चढत त्याच मंडळाचे सचिव झाले. मंडळाचं नाव लिहीत नाही. वडशाच्या आणि चंद्रपूरच्या, अशा दोन्ही जिल्ह्यांतल्या जुन्या तलावांची दुरुस्ती करणं हे त्याचं काम. आमच्याकडे तलाव गेला की धान जातं आणि मासोळीवर जगणाऱ्यांची चूलही थंड पडते. तलाव जुने, मंडळ त्या मानाने नवं, आणि सदस्य तर दर सरकारसोबत कोरे करकरीत. त्यांच्या नेमणुकीचे फलक गावोगावी लागत. सत्कार इतके होत की बैठकांना सवड उरत नसे. मी एकदा मंडळाच्या सभागृहात डोकावलो होतो. अध्यक्षांची खुर्ची इतकी उंच होती, की बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकतात की नाही याची मला काळजी वाटली.

रविवारी भावाच्या वावरात चक्कर टाकायला मारोतराव गाडीने वडशाला येत, तेव्हा माझ्या घरी हमखास थांबत. पिशवीत टिपणीचा कच्चा कागद असायचा. "मास्तर, भाषा पाहून दे बापा. साहेब लोकाईले दुसरा अर्थ काहाडता आला नाई पाह्यजे." मी शुद्धलेखन पाहायचो, ते अर्थाच्या फटी पाहायचे. तेव्हाच त्यांनी मला नियम समजावला होता. लहानसहान कामाला, एका ठरावीक रकमेपर्यंत, सचिव आपल्या सहीने मान्यता देऊ शकतो. त्यावरच्या कामाला मंडळाने बैठकीत बसून, अंदाजपत्रक वाचून, हो किंवा नाही म्हणायचं. हे काम मंडळाला नोकरावर ढकलता येत नाही. मी म्हटलं, "ढकललं तर काय बिघडलं? तुम्ही प्रामाणिक आहात." ते हसले. "मालक सालगड्याले खत आनाले पैसे देते. वावर इकून ये म्हनून चिठ्ठी देत नाई. गडी कितीबी इमानदार राहो, वावर त्याचं नोहे नं."

मला तेव्हा हा माणूस जरा अतीच करतो असं वाटलं होतं. तसं मी बोलूनही दाखवलं होतं. ते आता खुपतं.

पिंपळटोला या गावच्या तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध, तुडुमापाशी पाझरायला लागली होती. तुडूम म्हणजे तलावातून शेतांना पाणी सोडायचं तोंड. धान कापून झालं होतं, तलावात मासे वाढत होते. गावातल्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष सायत्राबाई स्वतः चंद्रपूरला येऊन मारोतरावांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "पारीतून पानी नाई, माती येऊन राह्यली, भाऊ. गढूळ झालं की समजाचं, आतून पोखरली." मारोतरावांनी दुसऱ्याच दिवशी पार पाहिली आणि अभियंत्याकडून अंदाजपत्रक करवून घेतलं. काम त्यांच्या सहीच्या मर्यादेच्या कितीतरी वर होतं. आता बैठक हवी होती. हातात अख्खा उन्हाळा होता. पावसाच्या आधी काम सहज झालं असतं.

बैठकीत अध्यक्षांनी विषय न घेताच तोडगा काढला. असा तोडगा आपल्याकडे प्रत्येक कार्यालयाला पाठ असतो. "कामाचे तुकडे करा नं, मारोतभाऊ. खोदाईचा एक, मातीचा एक, दगडाचा एक. सारेच तुमच्या मर्यादेत बसते." मारोतराव म्हणाले, "पार एकच आहे, साहेब. तिचे तुकडे पानी करंल, मी कायले करू?" सभागृहात हशा पिकला म्हणे. पुढच्या बैठकीत या तलावाचा विषय येईल अशी त्यांची समजूत होती. आला तो भलताच, तोही ऐनवेळी, चहा येता येता. 'यापुढे सर्व कामांच्या खर्चास मान्यता देण्याचे मंडळाचे संपूर्ण अधिकार सचिवांना प्रदान करण्यात येत आहेत.' सूचक आणि अनुमोदक आधीच ठरलेले होते. अंदाजपत्रकाची प्रत कुणी उघडलीही नाही. थोडक्यात, मंडळाने स्वतःकडे गाडी, मानधन आणि हारतुरे ठेवले आणि ज्यासाठी मंडळ नेमलं होतं तेवढं काम देऊन टाकलं.

तो रविवार मला लख्ख आठवतो. मारोतराव माझ्या ओसरीवर बसून चार ओळी लिहीत होते. लिहायचे, खोडायचे. शेवटी उरलं ते एवढंच: 'हे अधिकार मंडळाचे आहेत. ते मला देण्याचा अधिकार मंडळाला नाही आणि घेण्याचा मला नाही. पिंपळटोला येथील काम तातडीचे असल्याने मंडळाने सात दिवसांत बैठक घेऊन निर्णय करावा.' मी एक वेलांटी दुरुस्त केली आणि नको ते बोललो. "अहो, करून टाका सही. पार तरी वाचेल." त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "आज पारीसाठी करीन, मास्तर. उद्या याच ठरावाखाली कोनाच्या सासऱ्याच्या वावरापर्यंतचा रस्ता येईल. तवा नाई म्हनाले माह्यापाशी तोंड राहीन का?" ते पत्र त्यांनी मंडळाला दिलं, पोच म्हणून प्रतींवर आवक शिक्का घेतला आणि ते इतिवृत्ताला जोडायला लावलं. कार्यालयात म्हणे नवल झालं. "अधिकार नको म्हननारा साहेब पयल्यांदाच पायला," असं शिपायापासून सदस्यांपर्यंत सगळे म्हणाले.

सात दिवसांचे सात आठवडे झाले. मग मारोतराव बैठक जमवायला स्वतः निघाले. गणसंख्येला पाच डोकी लागत होती. साठीला टेकलेला माणूस काखेत फाईल धरून त्या पाच डोक्यांमागे फिरला. अध्यक्ष पाहुण्यांना वाघ दाखवायला मोहर्लीच्या जंगलात सफारीला गेले होते. हे गेटवर जिप्सी परत येईपर्यंत उन्हात उभे राहिले. अध्यक्ष धुळीने माखलेले उतरले आणि म्हणाले, "वाघ नाई दिसला, मारोतभाऊ. मूड नाई आज." एक सदस्य वडशाला एका नाटक कंपनीच्या कार्यालयात सापडले. झाडीपट्टीच्या नाटकांचा मोसम होता, त्यांचे पैसे नाटकात गुंतले होते आणि ते फोनवर गावोगावचे प्रयोग बांधत होते. माझं घर जवळच, म्हणून मीही सोबत गेलो होतो. "येवढा सीझन निघू द्या जी, मंग मंडळच मंडळ," सदस्य म्हणाले. मारोतरावांनी शांतपणे विचारलं, "पार थांबन का, साहेब?" त्यावर ते सदस्य माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, तुमीच समजवा. आमी सारं देऊन बसलो आहो याले, हाच घेऊन नाई राह्यला." मी तिथेच त्यांना काहीतरी बोलायला हवं होतं. मी त्यांचा चहा प्यायलो.

बैठक झाली नाही. मारोतरावांनी आपल्या मर्यादेत बसत होतं तेवढं केलं. वाळूची पोती भरून तुडुमापाशी रचवली आणि जिल्ह्याच्या वरच्या कार्यालयांना पत्रं पाठवली. आषाढात पार फुटली. माणूस कुणी दगावलं नाही. दगावलं असतं तर कदाचित मंत्री आले असते. मासोळी पाण्याबरोबर नाल्यात गेली आणि धानाच्या पऱ्ह्यांवर, म्हणजे कोवळ्या रोपांवर, वाळू बसली. त्यानंतर सायत्राबाई त्यांच्या घरी आल्या. आत आल्या नाहीत. दारातूनच बोलल्या, "आमची पार गेली, भाऊ. तुया कागद कोरडा राह्यला नं?" वहिनी सांगतात, त्या दिवशी मारोतराव जेवले नाहीत. बैठकीपेक्षा, चौकशीपेक्षा, त्यांना लागलं असेल तर ते हे वाक्य.

मग चौकशी आली. चौकशीला मंडळाने ठराव दाखवला: सर्व अधिकार सचिवांकडे होते, तातडीचं काम त्यांनी केलं नाही, सबब कसूर त्यांचा आणि नुकसानीची वसुलीही त्यांच्याकडूनच. मारोतरावांनी आपलं पत्र मागितलं. इतिवृत्ताच्या वहीत ते नव्हतं. कसं नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. आवक नोंदवहीचं ते पान पावसात भिजलं होतं. फुटलेल्या तलावापासून इतक्या दूर, दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात नेमकं तेवढंच पान भिजलं! त्यांच्याकडची प्रत चौकशीच्या फाईलला लावायची म्हणून कार्यालयाने आधीच मागून नेली होती. ते निवृत्त झाले, पण निवृत्तीची देणी अडकली. ऊर्जानगरला कामावर असलेल्या मुलाच्या क्वार्टरमध्ये ते राहायला गेले नाहीत. म्हणत, "मी लपलो असं वाटन लोकाईले." वर्षभर ते त्याच कार्यालयात अर्जदार म्हणून बाकावर बसत राहिले. ज्याची सही सगळ्यांना हवी होती, त्याच्या अर्जावर पोच द्यायलाही कुणी पेन उघडेना. आणि एका सकाळी त्यांच्या छातीत दुखलं...

तेरवीला सायत्राबाई बसने आल्या. या खेपेला आत आल्या, वहिनींजवळ बसल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला. तलावाबद्दलचा प्रत्येक कागद गावात नेऊन सोसायटीला वाचून दाखवायचा आणि एक प्रत तिथे ठेवायची, ही मारोतरावांची जुनी पद्धत. ती कार्यालयातल्या कुणाला ठाऊक नव्हती, किंवा मासे धरणाऱ्या बाया कागद जपतील असं कुणाला वाटलं नव्हतं. आणि दारातल्या त्या वाक्यानंतर सायत्राबाईंकडे प्रत मागायला मारोतराव गेले नव्हते. कागद तेच चार ओळींचं पत्र होतं, सहीसकट, आवक शिक्क्यासकट. "पारीवर बसून वाचून दाखवलं होतं भाऊनं," सायत्राबाई म्हणाल्या. "मले तवा वाटलं, हा मानूस आपली चामडी वाचवून राह्यला. रागानं मी ते कोठीत फेकलं होतं. फाडलं नाई, येवढंच चांगलं केलं." मग त्या रडल्या. मला रडू आलं नाही. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि माझा राग मंडळावरून निघून माझ्याच 'करून टाका सही' या वाक्यापाशी येऊन बसला. तिथून तो अजून हललेला नाही.

गेल्या आठवड्यात मी वहिनींकडे होतो, तेव्हा मंडळाचे नवे सचिव आणि तेच नाटकवाले सदस्य आले. सदस्यांनी मारोतरावांच्या फोटोला हात जोडले आणि खिशातून एक कागद काढला. मंडळ सहानुभूतीने विचार करत आहे, असं ते म्हणाले. वहिनींनी फक्त लिहून द्यायचं, की माझ्या पतीकडे सर्वाधिकार होते आणि विलंब त्यांच्याकडून झाला. मग कसुराची वसुली माफ होईल, अडकलेली देणी सुटतील, प्रकरण मिटेल. रक्कम वहिनींना हवी होती. दवाखान्यासाठी मुलाने कर्ज काढलेलं आहे. मी तोंड उघडणार होतो, पण वहिनींनी मला हातानेच थांबवलं. त्यांनी चष्मा लावला. कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला, उलटा करून कोरी बाजूही पाहिली, आणि नव्या सचिवांना विचारलं, "हे वसुली माफ कराचे अधिकार तुमचे आहेत का, दादा?"

नवे सचिव सदस्यांकडे पाहू लागले. सदस्य म्हणाले, "मंडळाचेच आहेत नं, बाई."

"मंग मंडळाची बैठक झाली का याच्यावर?"

"होऊन जाईन नं ते. तुमी सही तं करा."

वहिनींनी कागद घडी करून त्यांच्याच हातात परत दिला. "नाई जी. ठराव घेऊन या. कोन कोन बसले होते, कोनं हो म्हटलं, ते समदं लिवून आना. मंग माह्यापाशीबी एक कागद आहे, तो मी तुमाले वाचून दाखवते."

ते दोघं चहा न घेताच निघाले. दारात सदस्य माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, तुमीच समजवा." या वेळी मी त्यांना काय म्हणालो, ते इथे छापण्यासारखं नाही.

सायत्राबाईंनी आणलेल्या त्या पत्राच्या आम्ही सहा प्रती काढल्या आहेत आणि त्या चौकशीला, वरच्या कार्यालयाला, जिथे जिथे पोच मिळते तिथे दिल्या आहेत. परवा मी मंडळात फोन करून बैठकीची तारीख विचारली. अध्यक्ष दौऱ्यावर आहेत, आणि गणसंख्या भरत नाही म्हणे.