पाण्याचा कुत्रा

खानावळीच्या अंगणात नवा कुत्रा आला की बर्माबाई त्याच्याकडे पाठ करून बसायची. भाताचा गोळा पाठीमागे जमिनीवर ठेवायची आणि समोरच्या सागांकडे बघत राहायची. आम्ही जेवणारे घास हातात धरून थांबायचो. कुत्रा सरळ येऊन, तिला नाकाने ढोसून भात उचलू लागला की मागे न पाहता म्हणायची, "लाकूड हाय. याले मालक व्हायचं हाय." अंगावर चढून मान चाटली, तर आग. तिच्या पाठीला टेकून बसला आणि मग सावकाश खायला लागला, तो मातीचा. लांब बसून आधी सगळं नीट न्याहाळणारा लोखंडाचा. आणि ती उठून आत गेल्याशिवाय जो भाताला तोंडच लावायचा नाही, तो पाण्याचा.

स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली असतील. आलापल्लीच्या पुढच्या जंगलात एका लाकूड डेपोवर मी कारकून होतो. चंद्रपूरला तेव्हा आम्ही चांदाच म्हणायचो, आणि चांद्याला जायचं तर लाकडाच्या ट्रकवर बसून. डेपोवर खानावळ एकच, बर्माबाईची. तिचं खरं नाव सरूबाई. माहेर चामोर्शीकडचं. नवरा बर्मात मोलमीनला सागाच्या वखारीत होता. लढाईत जपानी आले आणि सगळे पायी देशाकडे निघाले, तेव्हा तो वाटेत गेला. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. मोलमीनहून तिने आणलं ते एवढंच, कुत्रा ओळखणं. शेजारच्या चिनी सुताराची आई तिला हे शिकवायची. "बुढीची बोली मले समजे नाई, माही तिले समजे नाई," बाई सांगायची, "पण कुत्रा दोघींच्या मधात बसला राहे."

आमच्यात पुण्याकडचे एक जोशीबुवा होते. ते तिला छेडायचे, "बाई, पंचमहाभूतांत लाकूड-लोखंड कुठून आलं? आकाश आणि वायू कुठे गेले?"

"कुत्र्यात आकाश कुठी पाह्यलं तुम्ही, भाऊ?" बाई पोळी उलटत म्हणायची. "अन् वारा तं तुमच्याच पोटात हाय. लाखोळीच्या डाळीच्या वाट्यावर वाट्या रिचवून राह्यले कालपासून."

तिचं सगळंच खरं ठरायचं असं नाही. एका आगीच्या कुत्र्याला तिने राखणीला ठेवलं, तर तो एका ट्रक ड्रायव्हरच्या मागे निघून गेला. आम्ही हसलो, तर आम्हालाच शिव्या. जीभ तिखट होती तिची. माणसांनाही ती तीच मापं लावायची. जोशीबुवा आग. माझ्याबद्दल म्हणायची, "हा बाबू लोखंडाचा. कागदातली चूक सापडल्याबिगर जेवत नाई. असा मानूस खोटं नाई बोलत." चारचौघांत हे ऐकलं की मी मान खाली घालून जेवायचो. बरं वाटायचं.

तिच्या दारात दोन कुत्री कायमची होती. ढवळी मातीची, कुणाचंही पोर अंगावर लोळलं तरी डोळे मिटून पडून राहायची. आणि दुसरा काळ्या, तो पाण्याचा. भांडं पडलं तरी तो सरपणामागे दडायचा. बाईने त्याची झोपायची जागा ढवळीला लागूनच केली होती. "माती पाण्याले धरते," म्हणायची. आम्हा सगळ्यांना तिची ताकीद होती, "याच्या अंगावर जाऊ नका. पाण्याले वाट ठेवा. वाट बंद केली का मंग माहा भरवसा नाई."

त्या वर्षी डेपोच्या साहेबांची नवी पत्नी नागपूरहून आली. जंगलात तिचा जीव रमेना. माझी नेमणूक हंगामी होती, आणि कायम करायची शिफारस साहेबांच्या हातात. यापुढचं मी आजवर एका माणसाखेरीज कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

बाजाराचा दिवस होता. बर्माबाई बाजाराला गेली होती. साहेबांची पत्नी हिंडत हिंडत खानावळीकडे आली, आणि काळ्याला पाहून म्हणाली, "किती गोड आहे हा! पण जवळच येत नाही."

"आणतो ना, वहिनीसाहेब," मी म्हणालो.

मी त्याला हाकलत सरपणाच्या खोलीत घातलं. त्या खोलीला दार एकच. ती आत गेली, आणि मी चौकटीला दोन्ही हात लावून उभा राहिलो. मी दार अडवलंय हे तिच्या ध्यानातही आलं नसेल. काळ्या भिंतीला चिकटला. भीतीने तो जागच्या जागी मुतला. मी ते पाहिलं. पाहूनही म्हणालो, "हात लावा, काही करत नाही तो." ती वाकली. त्याने तिच्या मनगटाचा लचका घेतला आणि माझ्या पायांमधून पळाला.

तिला लगेच जीपमधून चांद्याला पाठवलं. पिसाळलेला कुत्रा चावला तर तेव्हा पोटात इंजेक्शनं घ्यावी लागत. साहेबांनी मला बोलावलं. "खरं सांग. काही खोडी काढली होती, की आपणहून अंगावर आला?"

माझ्यासमोर त्यांचं टेबल होतं. टेबलावर त्यांचे हात होते.

"आपणहून, साहेब."

"मग पिसाळलेलाच तो," ते म्हणाले, आणि त्यांनी गार्डला बंदूक आणायला सांगितलं.

बाई बाजारातून आली तेव्हा काळ्या ढवळीच्या मागे, ओंडक्यांच्या सावलीत बसला होता. डोक्यावरची टोपली तिथेच टाकून ती साहेबांच्या पुढे उभी राहिली. "साहेब, बांधून ठेवा त्याले. काही दिस पाहा. पिसाळला असन तं मी सोता तुमच्या हवाली करतो."

"हे बाबू तिथे होते," साहेब म्हणाले. "आपणहून आला म्हणतात."

ती माझ्याकडे वळली. तिला दुसऱ्या कुणाला विचारायचंच नव्हतं. "बाबू, त्याले वाट होती?"

"होती, बाई."

ती ओंडक्यांकडे गेली. ढवळी काळ्याला सोडून हलेना, तेव्हा बाईनेच तिला मानेला धरून बाजूला ओढलं. गार्डला नेम सोपा झाला.

त्यानंतर जेवायला बसलो की ती वाढायची, बोलायची नाही. एकदा एवढंच म्हणाली, "लाकडाचा होता तो. मी पाण्याचा समजली. बुढीनं इतकं शिकवलं, पण मले काही आलं नाई." जोशीबुवांना ते सहन होईना. अंगणात एक भटकं कुत्रं आलं, तेव्हा त्यांनी मुद्दाम विचारलं, "बाई, याच्यात काय भरलंय?"

"हाडं," ती म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

महिन्याभरातच तिने खानावळ मोडली आणि ढवळीला घेऊन भावाकडे चामोर्शीला गेली. मी त्याच सुमारास कायम झालो. सगळ्यांना पेढे वाटले.

काही वर्षांनी कामासाठी चामोर्शीला जाणं झालं. मुक्काम होता, वेळ होता. भावाचं घर विचारत गेलो. ती अंगणात मोहफुलं निवडत बसली होती. डोळे अधू झाले होते; आवाजावरून तिने मला ओळखलं. भाऊ चहाचं सांगायला आत गेला आणि मी सगळं बोलून टाकलं. सरपणाची खोली, चौकट, माझे हात. तिची बोटं फुलांतला कचरा काढतच होती.

"त्या वक्ती ढवळी गाभण होती," ती म्हणाली. "तुले माहीत होतं?"

"नाही, बाई."

"काळ्याचीच पिल्लं. इथी आल्यावर झाली. त्यातलं एक त्याच्यावानीच निंगालं. भांडं पडलं का दडे. पाठ केली तरी येये नाई." तिने फुलांतली एक काडी काढून टाकली. "मी म्हटलं, हे बी वरून पाणी दिसते, आतून लाकूड असन. भावाच्या घरात लहान लेकरं. उद्या एखाद्याचं तोंड फाडलं तं? एका ट्रकवाल्याले देल्लं पोत्यात घालून. भामरागडच्या वाटेनं जंगलात सोड म्हटलं."

त्या वाटेवरच्या जंगलात बिबटे होते. ते तिलाही माहीत होतं, मलाही.

"चूक माझी आहे, बाई. मला माफ करा."

"मी काऊन माफ करू? पोत्याचं तोंड तं मीच बांधलं." तिने फुलांचं सूप बाजूला सारलं आणि मी बसलो होतो त्या दिशेला तोंड केलं. "चुकली असं समजत होती मी, बाबू. शिकली नाई, समजलं नाई, म्हनून चुकली. त्यावर मले झोप लागत होती. तू काऊन आला?"

मी मोकळा व्हायला गेलो होतो. आतून कपबशांचा आवाज येत होता. चहा बाहेर यायच्या आधी मी उठलो, पायताण घातलं. ती बस म्हणाली नाही.